नईमकाकांनी काढलेली तिकिटं

"टाचणी दे," पप्पा म्हणाले.

त्यांनी डाव्या दंडाला काळी फीत गुंडाळली होती आणि ती सारखी खाली घसरत होती. फीत माझ्याच शिवणाच्या डब्यातली. मी टाचणी दिली नाही. खाली रस्त्यावर याकोब आणि त्याचे काका येऊन उभे होते. काकांनी एकदा वर खिडकीकडे पाहिलं आणि मी पडद्यामागे सरकले.

"पप्पा, आज नको."

"नेहरू परवा गेले. आज नको तर कधी?"

"आपण कोणाबरोबर चाललोय, माहीत आहे ना तुम्हाला?"

"मॅच बघायला चाललोय," पप्पा म्हणाले. त्यांनी स्वतःच डब्यात हात घातला, टाचणी शोधली, फीत नीट बसवली आणि वरून कोट चढवला. कोट चढवल्यावर फीत झाकली गेली, म्हणून मला हायसं वाटलं. पण ते आरशासमोर गेले, कोट काढला, शर्टावरची फीत सोडवली आणि कोटाच्या बाहीवर नव्याने लावली.

एकोणीसशे चौसष्टचा मे महिना होता. आम्ही बेने इस्राएल, मूळचे कोकणातल्या अष्टमी गावचे, मुंबईत भायखळ्याला वाढलेले. आई मुंबईतच वारली. त्यानंतर पप्पा मला घेऊन इस्राएलला आले आणि आम्ही लोद गावात दोन खोल्यांच्या घरात राहू लागलो. मुंबईत ते रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि वर्कशॉपच्या फुटबॉल टीममध्ये लेफ्ट-आउट खेळायचे. इथे एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागले. मी शिवणकामाच्या कारखान्यात होते. याकोब तिथल्या मशिनी दुरुस्त करायला यायचा. त्याचं घराणं बगदादचं. माझी मशीन जरा जास्तच वेळा बिघडू लागली तेव्हा कारखान्यातल्या सगळ्यांना कळायचं ते कळलं.

लग्न करायचं आमचं ठरलं होतं, पण ते आमच्या हातात नव्हतं. त्या काळी आमच्या लोकांच्या यहुदीपणाबद्दलच शंका काढली जायची. इतकी शतकं कोकणात राहिलेली, तेल गाळणारी, मराठी बोलणारी ही माणसं खरंच यहुदी का? आमच्यातल्या मुलीने बाहेरच्या यहुदी मुलाशी लग्न करायचं म्हटलं की आईची आई कोण, तिची आई कोण, असं इथले धर्मगुरू मागेमागे विचारत जायचे. लग्न नोंदवणाऱ्या कचेरीतल्या एका माणसाने याकोबला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की तुझ्या घरातल्या कोणी वडीलधाऱ्याने येऊन 'ही माणसं आम्ही पारखली आहेत' असं सांगितलं, तर काम सोपं होईल.

याकोबचे वडील नव्हते. वडीलधारे म्हणजे नईमकाका.

नईमकाका उंच, वाळके, नेहमी बंद गळ्याच्या शर्टात. पहिल्यांदा घरी आले तेव्हा त्यांनी दारावरची मेझुझा, म्हणजे चौकटीला लावलेली धर्मवचनाची डबी, बोटाने चाचपून पाहिली, खरी आहे की नुसतीच लाकडाची पट्टी ठोकली आहे, असं. मग प्रश्न. मुंबईत शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा दिवा लावायचा का? कोण लावायचं? मांस कोण कापायचं? दूध आणि मांस एका भांड्यात शिजवत होता का? पप्पांनी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मोडक्यातोडक्या हिब्रूत शांतपणे दिलं. मी दारात उभी राहून ऐकत होते. नईमकाका उत्तर ऐकायचे आणि उत्तर संपल्यावरही पप्पांच्या तोंडाकडे बघत बसायचे. अजून काही बाहेर पडेल म्हणून वाट बघितल्यासारखे.

दुसऱ्यांदा आले तेव्हा स्वयंपाकघरापर्यंत आले. मी बिरडं सोलत होते. ते वालांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, आणि बाहेर गेले.

"हा माणूस लग्न जुळवायला येत नाही," मी याकोबला म्हणाले, "झडती घ्यायला येतो."

"त्यांचा स्वभावच तसा आहे," तो म्हणाला. "बगदादमध्ये दंगल झाली तेव्हा शेजाऱ्यानेच दंगेखोरांना त्यांचं घर दाखवलं होतं. तेव्हापासून ते कोणावरच चटकन विश्वास ठेवत नाहीत."

आणि मग ही तिकिटं. त्या वर्षी आशियाची फुटबॉल स्पर्धा इस्राएलमध्ये भरली होती. कोरिया, हाँगकाँग, इस्राएल आणि हिंदुस्थान. नईमकाकांना फुटबॉलमध्ये काडीचाही रस नव्हता, हे याकोबनेच मला कधीतरी सांगितलं होतं. तरी त्यांनी चार तिकिटं काढली, आणि तीही नेमकी हिंदुस्थान विरुद्ध इस्राएल मॅचची. याकोब तिकिटं घेऊन आला तेव्हा पप्पा लहान मुलासारखे खूश झाले. मला मात्र त्या तिकिटांमागचा हेतू स्पष्ट दिसत होता. आमच्या घरात मेझुझा होती, दिवा होता, भांडी वेगळी होती. आता मन तपासायचं राहिलं होतं. आम्ही टाळ्या कोणासाठी वाजवतो, ते बघायचं होतं.

बसमध्ये नईमकाका पप्पांच्या शेजारी बसले. फीत त्यांच्या बाजूच्या हातावर होती. ती त्यांनी लगेच पाहिली.

"कोणी वारलं?" त्यांनी हिब्रूत विचारलं.

"हो," पप्पा म्हणाले.

"नातेवाईक?"

पप्पांनी थोडा विचार केला. "नाही. आमचे पंतप्रधान."

'आमचे' हा शब्द त्यांनी हिब्रूत इतका स्वच्छ उच्चारला की पुढच्या बाकावरच्या बाईने मान वळवली. नईमकाका खिडकीबाहेर बघू लागले. मी मागच्या बाकावरून पुढे वाकले आणि मराठीत म्हणाले, "पप्पा, जरा जिभेला आवरा. हा सगळं मनात टिपून घेतोय."

"टिपू दे," पप्पा म्हणाले.

याकोबने माझा हात दाबला. "हळू," तो म्हणाला. मला वाटलं, लोक बघताहेत म्हणून.

याफाच्या मैदानावर तुडुंब गर्दी होती. समुद्राकडून वारा येत होता आणि भाजलेल्या बियांचा वास सगळीकडे पसरला होता. आम्ही लाकडी बाकांवर बसलो. पप्पा, मग मी, मग नईमकाका, टोकाला याकोब. ही बसायची रीत नईमकाकांनीच ठरवली. मी याकोबशेजारी बसायला गेले तर त्यांनी हाताने दाखवलं, इथे बस. म्हणजे बाप आणि मुलगी दोघंही त्यांच्या नजरेच्या टप्प्यात.

हिंदुस्थानची टीम मैदानात आली. पप्पा उभे राहिले. आजूबाजूला कोणीही उभं नव्हतं. दोन्ही हात मांडीशी सरळ ठेवून, मान जराशी खाली घालून ते उभे राहिले. मागून कोणीतरी ओरडलं, "बस खाली, दिसत नाही." मी त्यांचा कोट ओढला. ते स्वतःच्या वेळेने बसले.

"पप्पा, माझ्या लग्नाचं वाटोळं करायचं ठरवलंय का तुम्ही?" मी मराठीत पुटपुटले. चेहरा हसरा ठेवला, म्हणजे शेजाऱ्याला वाटावं, काहीतरी कौतुकाचं चाललंय.

"मी काय केलं?"

"शेजारी बघा. घारीसारखा बसलाय. याच्या टोपीखाली पोलीस आहे नुसता. नाक बघा कसं वर, आणि कोपराला शर्ट विरलाय."

"मिल्का," पप्पा म्हणाले, "असं बोलू नये."

"त्याला काय कळतंय?"

खेळ सुरू झाला. आमच्या हिंदुस्थानी पोरांनी दोन दिवसांपूर्वीच कोरियाला हरवलं होतं, त्यामुळे पप्पांच्या मनात आशा होती. बॉल डाव्या बाजूला गेला की पप्पांचा डावा पाय आपोआप हलायचा. इस्राएलचा एक चांगला पास झाला की तेवढ्याच आनंदाने ते "वा" म्हणायचे. नईमकाका मैदानाकडे बघतच नव्हते. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून तपासत होते. त्यांची नजर पप्पांच्या पायावर होती.

मग इस्राएलने गोल केला. सगळं मैदान उठलं. याकोब उठला. मी उठले आणि तळहात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. पप्पा बसूनच होते. हात गुडघ्यांवर.

गर्दी खाली बसल्यावर नईमकाका माझ्यावरून पुढे वाकले आणि पप्पांना हिब्रूत म्हणाले, "अष्टमकर, एक विचारतो. तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?"

हे येणार, हे मला ठाऊकच होतं. त्यासाठीच तर ही तिकिटं होती.

"इस्राएल म्हणा," मी घाईघाईने मराठीत म्हणाले. "पप्पा, एक शब्द. इस्राएल म्हणा आणि मोकळे व्हा. खोटं तर खोटं."

पप्पा माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज चढला नाही. मराठीतच बोलले. "मिल्का, तिकडे इतकी वर्षं राहिलो. शेजारी सगळ्या जातीधर्माचे. तू कोणाचा, असं मला कोणीही विचारलं नाही. इथे आल्यापासून रोज कोणीतरी विचारतं. ज्यांनी कधी विचारलं नाही, त्यांना मी आज चारचौघांत नाकारू? ते माझ्याच्याने होणार नाही. आणि हा देशही माझा आहे. हौसेने आलोय, इथेच मरणार आहे. ही जिंकणारी पोरंही माझीच. दोन्हीकडे जीव गुंतलाय एवढ्यावरून तुझं लग्न मोडणार असेल, तर त्या घरात तू सुखी होणार नाहीस."

 माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं.

"काय म्हणाले?" नईमकाकांनी मला विचारलं.

"ते म्हणाले, इस्राएल," मी हिब्रूत सांगितलं.

पप्पांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. खोडून काढलं नाही. नईमकाकांनीही मान हलवली, आणि त्यानंतर मॅच संपेपर्यंत एकही प्रश्न विचारला नाही. इस्राएलने दुसरा गोल केला. हिंदुस्थानला एकही करता आला नाही. खेळाडू परत जाऊ लागले तेव्हा पप्पा पुन्हा उभे राहिले आणि या वेळी त्यांनी दोन्ही टीमसाठी टाळ्या वाजवल्या. परतीच्या बसमधून उतरताना नईमकाकांनी पप्पांशी हात मिळवला. माझ्याशी नाही.

पुढचे चार-पाच दिवस मी नीट जेवले नाही. याकोब कारखान्यात आला की विचारायचे, "काका काय म्हणाले?" तो म्हणायचा, "अजून काही नाही." पण तो माझ्याकडे न बघता मशीन उघडायचा. मला पक्कं वाटू लागलं की आतल्या आत निकाल लागलाय आणि मला सांगायची त्याची हिंमत होत नाही.

स्पर्धेची शेवटची मॅच इस्राएल आणि कोरियाची. त्या संध्याकाळी आमच्या आळीतल्या प्रत्येक खिडकीत रेडिओ होता. इस्राएल जिंकला, आशियाचा विजेता झाला. हिंदुस्थान दुसरा आला. रस्त्यावर माणसं उतरली. मोरोक्कोवाले, रोमानियावाले, आमचे मुंबईवाले, सगळे एकमेकांचे खांदे धरून नाचायला लागले. कोणीतरी डबा बडवत होतं. पप्पा खिडकीत उभे राहून बघत होते. "पहिला आणि दुसरा, दोन्ही नंबर आपल्याच घरात," ते म्हणाले आणि हसले. मला हसू आलं नाही.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत नईमकाका आणि याकोब आमच्या जिन्याकडे येताना दिसले.

याकोबचा चेहरा उतरलेला होता. मी दार उघडलं, त्यांना बसायला सांगितलं आणि चहा करायच्या निमित्ताने आत निघाले. जे काही सांगायचंय ते त्यांनी पप्पांना सांगावं, मला तिथे उभं राहायचं नव्हतं.

"साखर कमी घाल गं," मागून आवाज आला. "मागच्या खेपेला लई गोड केला व्हतास."

मी वळले. खोलीत मराठी बोलणारं पप्पांशिवाय कोणी नव्हतं, आणि हा आवाज पप्पांचा नव्हता.

नईमकाका खुर्चीत ताठ बसले होते. "घाबरू नको," ते म्हणाले. "मी बगदादहून मुंबईला पळालो. लालबागला गिरणीत व्हतो. खात्यात सगळे कोकणातले, साताऱ्याचे. आठ वर्षं त्यांच्यातच काढली. त्यांच्या डब्यातलं खाल्लं. बिरडं पण खाल्लंय."

पहिल्यांदा काय आठवलं असेल तर टोपीखालचा पोलीस. मग विरलेला शर्ट. मग 'खोटं तर खोटं'. मग त्यांच्या तोंडावर मी हिब्रूत केलेलं ते भाषांतर. माझे कान जळायला लागले. मी भिंतीला टेकले.

"मला बघायचं व्हतं," ते म्हणाले, "कोणी ऐकत नाही असं वाटलं की तुम्ही लोकं काय बोलता. माझ्यासमोर तर सगळेच चांगलं बोलतात. बगदादला आमचा शेजारी रोज सलाम करायचा."

"मग?" पप्पा म्हणाले.

"तुमच्यावर माझा विश्वास बसला, अष्टमकर. तुमच्या पोरीवर नाही."

खाली डबा बडवणं चालूच होतं. याकोब जमिनीकडे बघत होता. त्याची ती खाली घातलेली मान बघितली आणि मला बसमधला त्याचा हात आठवला. त्याचं 'हळू' आठवलं.

"तुला माहीत होतं," मी त्याला हिब्रूत म्हणाले.

त्याने मान आणखी खाली घातली.

"याकोब, यांना मराठी येतं हे तुला माहीत होतं?"

"काकांनी शपथ घातली होती," तो म्हणाला. "आणि मला वाटलं, तू वाईट असं काय बोलणार."

मला एकाएकी भीती वाटेनाशी झाली. मी नईमकाकांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि मराठीतच बोलले.

"मी तुम्हाला घार म्हणाले, पोलीस म्हणाले. चुकलं. तुमच्या शर्टाबद्दल बोलले, ते तर बोलायलाच नको होतं. आणि खोटं भाषांतर केलं, कारण मला याकोब हवा होता. पण काका, तुम्ही तिथे मराठी येत नसल्याचं सोंग करून बसला होतात. हा तोंड शिवून बसला होता. त्या बाकावर मनात आहे तेच बोलणारी मी एकटीच होते. विश्वास ठेवायचाच असेल तर माझ्यावर ठेवा."

नईमकाका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. आतापर्यंत त्या बघण्याची मला भीती वाटायची, आता राग येत होता. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. डोक्यावर अगदी विरळ केस होते, आणि टोपीशिवाय ते एकदम म्हातारे दिसले.

"चहा आण," ते म्हणाले. "साखर तुझ्या मनाने घाल."

दुसऱ्या दिवशी ते त्या कचेरीत गेले. मेझुझापासून वालाच्या बिरड्यापर्यंत पाहिलेलं सगळं त्यांनी सांगितलं, असं याकोब म्हणाला. तरीही आम्हाला थांबावं लागलंच. त्या उन्हाळ्यात आमच्या लोकांनी मोर्चे काढले, जेरुसलेमला धरणं धरलं, तेव्हा कुठे नियम सैल झाला आणि हिवाळ्यात आमचं लग्न लागलं. लग्नाआधी मी याकोबला एकच अट घातली, की तू मराठी शिकायचं आणि ते लपवायचं नाही. तो शिकला. आजही 'ळ' म्हणताना त्याची जीभ अडखळते. पण आमच्या भांडणांत तो मराठीतच बोलतो आणि बऱ्याचदा जिंकतो. नईमकाका पुढे दर शुक्रवारी येत, पप्पांशी मराठीत गिरणीच्या आणि वर्कशॉपच्या गोष्टी काढत. ते वारले तेव्हा पप्पांनी स्वतःच्या भावाला करावं तसं त्यांचं सगळं केलं.

पण त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. नईमकाका आणि याकोब गेल्यावर मी कप उचलत होते. पप्पा पुन्हा खिडकीत जाऊन उभे राहिले होते. नाचणारे थकून आता रस्त्याच्या कडेला बसले होते. एवढं सगळं झालं, पण नईमकाका मराठीत बोलले तेव्हा पप्पा दचकले नव्हते. ते माझ्या आत्ता लक्षात आलं.

"पप्पा, तुम्हालाही माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं," ते म्हणाले. "तू चहाला आत गेली होतीस. मी आपला स्वतःशीच मराठीत बोललो, या खुर्चीचा पाय डुगडुगतोय. तो उठला आणि दुसऱ्या खुर्चीवर बसला."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू गोड गोड बोलली असतीस. त्याला ते लगेच कळलं असतं."

मी कप खाली ठेवले. मला बाकावरचं त्यांचं बोलणं आठवत होतं. ज्यांनी विचारलं नाही त्यांना नाकारू का, दोन्हीकडे जीव गुंतलाय. ते ऐकून मला राग आला होता, पण त्या दिवसापासून ते शब्द मनातून गेले नव्हते. आणि तो ऐकतोय हे पप्पांना माहीत होतं.

"म्हणजे ते सगळं तुम्ही त्याला ऐकवायला बोललात?"

पप्पांच्या दंडावरची फीत अजून तशीच होती. त्यांनी टाचणी काढली, फीत सोडवली आणि बोटाला गुंडाळत राहिले.

"बोलायला लागलो तेव्हा त्याला ऐकवायलाच लागलो होतो," ते म्हणाले. "बोलून झाल्यावर कळलं, ते खरंच होतं."